रबरबँडामागचा खुनी

रविवारी सकाळी माझी बायको गेली. ती ओट्यापाशी उभी होती. चहा ठेवला होता. मी पुस्तक आणायला खोलीत गेलो. परत आलो तेव्हा ती जमिनीवर होती. समोरच्या सिस्टर आल्या, त्यांनी नाडी पाहिली. रिक्षा आली. दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली. दुपारी आम्ही तिला घरी आणलं. त्या रविवारी आम्हाला खुनी कळणार होता.

हे वाक्य असंच सोडलं तर वाचणारा पोलिसांना फोन करेल, म्हणून सांगतो. खुनी पुस्तकातला होता.

ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. कॉलनीत मला सगळे सर म्हणतात. मी कधी कोणाला काही शिकवलेलं नाही, पण चष्मा आणि हळू बोलणं यांच्या जोरावर ही पदवी मिळाली आणि मीही ती नाकारली नाही. माझं काम असं होतं की, विद्यार्थ्याने पुस्तक परत आणलं की ते हातात घ्यायचं, मागून पुढे भराभर चाळायचं, पानं फाटलेली नाहीत ना ते बघायचं आणि शिक्का मारायचा. सगळी नोकरी मी हे केलं. परीक्षेच्या दिवसांत मुलं हव्या त्या प्रश्नाचं उत्तर असलेलं पानच ब्लेडने कापून न्यायची. मी ते पुस्तक न उघडता, नुसत्या हाताला लागणाऱ्या जाडीवरून ओळखायचो. निरोपसमारंभात प्राचार्यांनी याचा खास उल्लेख केला होता. हे लक्षात ठेवा. पुढे माझी जी शोभा झाली ती नीट समजायला याचा उपयोग होईल.

निवृत्तीनंतर आम्हाला रहस्यकथांचा नाद लागला. रद्दीच्या दुकानातून ती जुनी पुस्तकं निवडून आणायची. संध्याकाळी सातला स्वयंपाकघरात बसून ती मोठ्याने वाचायची आणि मी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायचो. घरात नवं पुस्तक आलं की ती पहिलं काम करायची ते म्हणजे मागची अंगठाभर पानं मिटल्या मिटल्या चिमटीत धरून त्यांना रबरबँड लावायची. "शेवटचं प्रकरण साधारण अंगठ्याएवढं असतं," असं तिचं म्हणणं होतं, आणि तिचं म्हणणं सहसा बरोबर निघायचं. तो रबरबँड कोणीही काढायचा नाही. त्याच्या मागे डोकवायचंही नाही. वाचत वाचत रबरबँडापर्यंत आलो की थांबायचं आणि येणाऱ्या रविवारी सकाळी चहा घेताना दोघांनी खुन्याचं नाव सांगायचं. मग रबरबँड निघायचा. जो चुकेल त्याने मोरीवरच्या माळ्यावरची पाण्याची टाकी शिडी लावून धुवायची. 'मला कळलं नाही' असं म्हणणारा आपोआप हरला, असंही एक कलम होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. टाकी कायम मीच धुतली.

"तुम्ही खुनी शोधतच नाही," ती म्हणायची. "तुम्हाला न आवडणारा माणूस शोधता."

"न आवडणारी माणसंच खून करतात."

"मग आपल्या सोसायटीत एव्हाना कोणी उरलं नसतं."

हे शेवटचं पुस्तक म्हणजे नुसता सांगाडा होता. पुढचं कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे नाव काय, लेखक कोण, काही पत्ता नाही. थंड हवेच्या ठिकाणी एक बंगला. बंगल्याचा मालक जेवता जेवता ताटावर कोसळतो. पोलिसांना वाटतं हार्टफेल. पण पाहुणे म्हणून आलेले दोघेजण, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्याचा होमिओपॅथ मित्र, ठरवतात की हा खून आहे आणि तो आपणच उलगडायचा. दोघांनाही यातलं ओ की ठो कळत नाही. चुलीतली राख भुरभुरून ते बोटांचे ठसे घेतात आणि ते त्यांचे स्वतःचेच निघतात. संशयिताचा पाठलाग करत पार गावातल्या न्हाव्याकडे पोचतात आणि आत जाऊन बसल्यावर उठता येत नाही म्हणून दोघेही हजामत करून परत येतात. मृताचा भाचा, दुसरी बायको, वकील, संगीतमास्तर, आणि थोड्या उशिराने गोष्टीत येणारी स्वयंपाकीणबाई, असे पाच संशयित.

ती प्रत्येकाला आवाज द्यायची. बाहेरून कुठून आणायचे नाहीत, सगळे कॉलनीतलेच. वकिलाला सोसायटीच्या चेअरमनचा, खाकरून सुरू होणारा. संगीतमास्तरला इस्त्रीवाल्याचा. स्वयंपाकीणबाई आली आणि तिने दार उघडून "कोण पायजे?" म्हटलं ते हुबेहूब समोरच्या सिस्टरांच्या आवाजात. मी मटार सोलत होतो. मला इतकं हसू आलं की मांडीवरचं पातेलं उलटं झालं आणि मटार फ्रिजखालपर्यंत गेले. होमिओपॅथला दिलेला आवाज मात्र मला ओळखता आला नाही. तो संथ आवाज होता. प्रत्येक वाक्य 'म्हणजे असं बघा' ने सुरू व्हायचं आणि बऱ्याचदा कुठेच पोचायचं नाही. तो ऐकून मी सगळ्यात जास्त हसलो. हा कोण बावळट, असंही एकदा विचारलं. तिने चष्मा पुसला आणि पुढे वाचायला लागली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, बेंगळुरूहून आलेली मुलगी परत गेली, आणि घरात मी, फ्रिज आणि फ्रिजवरचं ते पुस्तक एवढेच राहिलो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, नेटवर शेवट शोधा ना." मी म्हटलं, नाव माहीत नाही. ती म्हणाली, "मग उघडून वाचा." आईवर गेली आहे, सरळ रस्ता सांगते.

पण मला उघडता येत नव्हतं. रविवारी दोघांनी नाव सांगायचं, मग रबरबँड काढायचा, हा नियम. माझं नाव तयार होतं, वकील. तिचं मला माहीत नव्हतं. तिचं नाव कळल्याशिवाय उघडलं आणि वकीलच निघाला, तर मी आयुष्यात पहिल्यांदा जिंकणार आणि तेही समोर कोणी नसताना. असं जिंकणं मला नको होतं. तिचा संशय कोणावर होता हे आधी कळायला हवं होतं. तेव्हा मी तपास करायचं ठरवलं. दुःखात माणसं तीर्थाला जातात, दारू पितात. मी चौकशी सुरू केली.

पहिली चौकशी सिस्टरांची. त्या सिव्हिल हॉस्पिटलमधून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. त्या आणि माझी बायको रोज संध्याकाळी फिरायला जायच्या. मी गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. शेवटच्या आठवड्यात तिला कोणाचा संशय होता का?"

त्यांचा हात थांबला. "कशाबद्दल, सर?"

"खुनाबद्दल."

त्यांनी ताट खाली ठेवलं, उठून माझ्याजवळ आल्या आणि बोटाने माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली. "झोप लागते का? बीपीची गोळी सकाळी घेता की विसरता?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्या परत बसल्या.

"पोस्टमास्तरचं होय. मग तसं सांगा ना. घाबरवलं मला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी मधल्या डक्टात उघडते, माझीही. सातला मी टीव्ही बंद करायचे. मालिकेपेक्षा बरं होतं." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "मी विचारलं होतं तिला फिरताना, कोणी मारलं म्हणून. म्हणाली, सिस्टर, नियम म्हणजे नियम, रविवारी ऐका. मग मी म्हटलं, त्या स्वयंपाकिणीला माझा आवाज कशाला दिला? तर म्हणाली, तुमच्यावर कोणाचा संशय जाणार नाही म्हणून."

"आणि त्या होमिओपॅथला कोणाचा दिला होता? मला काही ओळखता आला नाही."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे असं बघा," मी म्हटलं, "तो आवाज तसा ओळखीचा वाटतो, पण..."

आणि मी थांबलो. सिस्टरांनी मान खाली घालून तांदूळ निवडायला घेतले. त्यांचे खांदे हलत होते. पहिल्या चौकशीत मला हाती लागलेला एकमेव बावळट मी होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी प्लंबर आला. दारात उभा राहून म्हणाला, "मॅडमनी टाकी धुवायला बोलावलं होतं. लय दिवस झाले, टाइमच नाय भेटला. आज करू का?"

मी त्याला सांगितलं. त्याने टोपी काढली. मग विचारलं, "मग टाकी?"

"नंतर," मी म्हणालो. कारण माझं डोकं चालायला लागलं होतं. असं ते क्वचितच चालतं, त्यामुळे मध्ये अडवणं बरं वाटलं नाही. तिने प्लंबरला फोन केला तो त्या रविवारच्या आधी. टाकी हरणारा धुतो. मी हरलो तर मी धुतो, प्लंबरची गरज नाही. म्हणजे आपण हरणार असं तिला वाटत होतं. म्हणजे तिला खुनी सापडला नव्हता. मी खुर्चीत बसलो आणि स्वतःवर खूश झालो. मग लक्षात आलं की, आपली बायको कधी नव्हे ते चुकली होती याचा आनंद आपण तिच्या फोटोसमोर बसून करतो आहोत. मी उठून खुर्ची फिरवून ठेवली.

तरी खात्री करायला हवी होती. ती सगळं बोलायची ते तिच्या धाकट्या बहिणीशी, फोनवर, रोज दुपारी. मेहुणी पिंपळगाव बसवंतला असते. मी द्वारका चौकातून एसटी पकडली. हायवेला कांद्याचे टेम्पो ओळीने उभे होते, बस त्यांच्या मागे तिष्ठत होती, आणि मी खिडकीत बसून प्रश्नांची उजळणी करत होतो. पोस्टमास्तर असंच करायचा. प्रत्यक्षात तो पहिला प्रश्नच विसरायचा.

मेहुणीने पाणी दिलं, चहा दिला, आणि दारातच बसली. "बोला भाऊजी. ताईच्या साड्यांचं काय ते विचारायला आलात ना?"

"नाही. तिने प्लंबरला का बोलावलं ते विचारायला आलो."

"घ्या," ती म्हणाली. "माणूस गेलं, न् हे नळ बघून राहिले."

"टाकीसाठी बोलावलं होतं. तिला खुनी सापडला नव्हता, खरं ना?"

मेहुणीने पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं ती रडते आहे. "न सापडायला काय झालं? लय हुशार होती ताई. ती म्हणली मला, यांचे गुडघे आता शिडीचे राहिले नाय. सरळ सांगितलं तर ऐकायचे नाय, मी अजून चढतो म्हणतील. म्हणून या रविवारी मी हात वर करणार. मला कळलंच नाय म्हणणार. हरणार, न् प्लंबर बोलवणार."

बाहेरून एक टेम्पो गेला.  मी रिकामा कप उचलून परत ठेवला.

"मग तिला खुनी कळला होता," मी म्हटलं.

"कधीचाच. म्हणली, हे मटार सोलत बसले होते ना, त्याच दिवशी कळला."

"कोण?"

"मी नाय विचारलं."

"का नाही विचारलं?"

"मला काय करायचं, भाऊजी? मी काय त्यांच्याकडं जेवायला जाणार होते?"

परत निघताना तिने पिशवीभर कांदे दिले. बसमध्ये ती पिशवी दोन्ही गुडघ्यांवर घेऊन बसलो. गुडघे दुखत होते. ते गेली काही वर्षं दुखत आहेत आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की घरात त्याचा कोणाला पत्ता नाही.

ती नाव घेणारच नव्हती, तेव्हा आता थांबण्याचं कारण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण मी सकाळी उघडलं नाही. संध्याकाळी सातला खुर्ची डक्टाच्या खिडकीपाशी ओढली. पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

रबरबँड पानांना चिकटला होता. ओढल्यावर तुटला.

मी मोठ्याने वाचायला लागलो. आवाज काढायचा प्रयत्न केला, पण वकील, भाचा, दुसरी बायको सगळे होमिओपॅथसारखेच बोलायला लागले. पोस्टमास्तर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. दारं लावून घेतो आणि मग लक्षात येतं की वकील बाहेरच राहिला, म्हणून परत उघडतो. होमिओपॅथ म्हणतो की मला आता सगळं कळलं, आणि नोकराच्या जुन्या खोकल्यावर औषध सांगतो. पोस्टमास्तर एकेकाचं नाव घेऊन, तो खुनी का नाही हे सांगतो. भाचा नाही. दुसरी बायको नाही. मग तो म्हणतो, पुढचं नाव ऐकल्यावर कोणालाही चहा गोड लागणार नाही, तेव्हा आधी चहा घेऊ. ट्रे येतो. कप वाटले जातात. पोस्टमास्तर बशीत चहा ओततो आणि फुंकर मारतो.

मी पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता.

पुठ्ठ्याच्या आत शिलाईचे दोरे लोंबत होते आणि कडेला फाटक्या पानांची दातेरी किनार. मी बोट फिरवून बघितलं. नोकरीची सवय.

डक्टातून आवाज आला. "मग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"पानं नाहीत, सिस्टर. फाटली आहेत."

वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. 

"सर, तुम्ही लायब्ररीत होता ना?"

"हो."

"आणि पुस्तक घरात आलं तेव्हा मागून बघितलं नाही?"

"मागून बघायचं नाही असा नियम होता."

  सगळी नोकरी जे मी डोळे मिटून ओळखायचो, ते घरात आठवडेच्या आठवडे फ्रिजवर पडून होतं आणि मी त्याची राखण करत होतो. तिने चिमटीत धरलेली अंगठाभर पानं शेवटची नव्हती, शेवटच्या आधीची होती. म्हणजे त्या रविवारी ती असती तरी आम्ही दोघं या चहापाशी येऊन अडकलो असतो. तिने हात वर केले असते, मी वकील म्हटलं असतं, आणि पुठ्ठा निघाला असता. ती म्हणाली असती, अहो, तुम्ही लायब्ररीत होता ना. मी म्हटलं असतं, रबरबँड तू लावलास. दिवसभर भांडलो असतो. ते भांडण मला हवं होतं.

"मला विचाराल तर ती स्वयंपाकीणच," सिस्टर म्हणाल्या.

"कशावरून?"

"तिला माझा आवाज दिला ना. संशय जाणार नाही म्हणाली ती."

"म्हणजे असं बघा," मी म्हटलं, आणि पलीकडे सिस्टर खुदकन हसल्या ते ऐकू आलं, तरी मी पुढे बोललो. "आवाज आधी दिला, खुनी नंतर कळला असेल. त्याने काही सिद्ध होत नाही."

"ती गोष्टीत पहिल्यांदा आली तेव्हा तुमच्याकडे काहीतरी पडलं होतं. स्टीलचं. मी दचकले होते. काय पडलं होतं?"

मी मान वळवून फ्रिजखाली बघितलं.

"मटाराचं पातेलं," मी म्हणालो.

मेहुणीने सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. मटार सोलत होतो त्याच दिवशी तिला खुनी कळला होता. पातेलं उलटं झालं त्या संध्याकाळी बाकीचे चौघे केव्हाचे गोष्टीत येऊन बसले होते, नवी आली होती ती फक्त स्वयंपाकीणबाई. मी जमिनीवर रांगत मटार गोळा करत होतो, तेवढ्यात माझ्या बायकोने पुस्तक खाली ठेवून खून उलगडला होता आणि मला म्हणाली होती, "तो फ्रिजखालचा राहिला बघा."

"मग झालंच की," सिस्टर म्हणाल्या. "दोघींचं जुळलं."

"पुरावा नाही."

"पुरावा कुठून येणार, सर? पानं कुठे आहेत?"

हे खरं होतं. एवढ्या तपासातला सगळ्यात बरा निष्कर्ष सिस्टरांनी काढला आणि तोही खिडकीतून. पोस्टमास्तर आणि होमिओपॅथ यांच्यापैकी मी कोण, याबद्दल आता मला शंका राहिली नाही.

मी वकील म्हणालो होतो. ती हात वर करणार होती, पण नाव तिला माहीत होतं आणि माझं चुकीचं होतं. म्हणजे हरलो मीच. मी प्लंबरला फोन केला. तो या वेळी लगेच आला. टाकी त्याने धुतली, शिडी मी धरली.

पुस्तक फ्रिजवर आहे. पाच संशयितांच्या हातात चहा आहे. खुनी मोकळा आहे. सातला मी खिडकीपाशी बसून दुसरं पुस्तक वाचतो, त्याची शेवटची पानं शाबूत आहेत, मी मागून चाळून बघितलं.